"काही डाउट?" म्हटलं की सगळे गप्प

प्रश्न: मी ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स शिकवते, बॅचमध्ये 40 जण आहेत. कॅमेरे बंद, माईक म्यूट, 'काही डाउट?' विचारलं की ठरलेल्या दोघांचं 'नो मॅडम' येतं आणि बाकी सामसूम. मग असाइनमेंट तपासायला घेतल्या की कळतं, निम्म्यांना मीन (सरासरी) आणि मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) यांतला फरकच समजलेला नाही. कॅमेरा कंपल्सरी करू का?

उत्तर: नका करू हो. चेहरे दिसतील पण तोंडं उघडतील असं काही नाही, उलट कुणाचं नेट स्लो, कुणाच्या मागे घरातली माणसं फिरतायत, ते अजूनच अंग चोरून बसतील.

मला विचाराल तर घोळ त्या प्रश्नातच आहे. 'डाउट आहे' म्हणायचं म्हणजे बाकीच्या 39 जणांसमोर 'मला कळलं नाही' असं कबूल करायचं, कोण करणार? त्याऐवजी असं विचारून बघा: 2, 3, 3, 4, 38 यांचा मीन 10 आणि मीडियन 3, आता 38 च्या जागी 88 टाकले तर दोन्हीपैकी काय बदलेल? उत्तर चॅटमध्ये टाईप करून ठेवा, मी म्हणेन तेव्हाच सगळ्यांनी एकदम सेंड करायचं. म्हणजे हुशार पोराचं बघून लिहायची सोयच उरत नाही, आणि मीन 20 होतो पण मीडियन 3 वरच राहतो हे किती जणांच्या डोक्यात शिरलंय ते तुम्हाला लगेच दिसतं.

आणि थांबा जरा! मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच 3 सेकंद थांबले की उत्तरं लांब येतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. ते समोरासमोरच्या वर्गातलं, इथे तर माईक शोधायचा, टाईप करायचं, खोडायचं, परत टाईप करायचं, त्यामुळे मनात दहापर्यंत आकडे मोजा. ती शांतता खायला उठते, मान्य, पण आपणच उत्तर सांगून टाकायचं नाही.

चुकीचं उत्तर आलं तर नाव न घेता 'असं का वाटू शकतं' यावर दोन मिनिटं बोला. वैयक्तिक मेसेजमध्ये आलेला डाउटसुद्धा असाच, नाव काढून ग्रुपवर टाका आणि तिथेच उत्तर द्या, तोच डाउट असलेले अजून चार जण तरी निघतातच.