“मग हाच असा का?”

“याचा राग तेवढा कमी करा, बाकी घरात सगळं ठीक आहे.” तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले वडील म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आईचा प्रश्न निराळा होता. “धाकटीही याच घरात वाढली, ती किती शांत! मग हाच असा का? आमचंच काही चुकलं का?”

झोप, शाळेतला त्रास, अभ्यासातली अडचण हे आधी तपासलं. त्यात काही सापडलं नाही. मग ‘का’ बाजूला ठेवून ‘केव्हा’ विचारलं. भडका उडण्याआधी घरात काय चालू होतं? नंतर काय झालं?

चित्र हळूहळू उलगडलं. पैशांवरून दोघांची कुरबुर सुरू व्हायची, आवाज चढायचे, मुलगा काहीतरी आपटायचा. भांडण तिथंच थांबायचं आणि दोघं मिळून त्याला रागवायचे. त्या रात्रीपुरती का होईना, त्यांची एकी व्हायची. हे तो ठरवून करत होता असं मुळीच नाही.

मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांनी याला त्रिकोण म्हटलं: दोघांमधला ताण पेलवेनासा झाला की तिसरं माणूस आत ओढलं जातं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 1954 पासून त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसोबत आधी त्यांच्या मातांना आणि पुढे कुटुंबांनाही वॉर्डात राहायला ठेवून निरीक्षणं केली होती. त्याच काळात आईलाच या आजाराचं कारण ठरवणारी कल्पनाही चलनात होती. ती पुढे टिकली नाही, हे बरंच झालं. त्रिकोण दाखवायचा तो ताण कुठून कुठे वाहतो हे कळावं म्हणून. नवा आरोपी शोधायला नव्हे.

धाकटीचं म्हणाल, तर घर एकच असलं तरी त्यातली दोघांची जागा एक नव्हती. त्याला ‘तापट’ आणि तिला ‘शहाणी’ म्हणून सगळे ओळखत. इतरांच्या नजरेत आपण जसे दिसतो असं वाटतं, त्यावरून आपण स्वतःला घडवतो, हे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 मध्येच मांडलं होतं.

आणि पैशांची कुरबुर तरी कुठून आली? वडिलांच्या कामाचे तास कमी झाले होते. मूल जिथे कधी पाऊलही टाकत नाही त्या कचेरीतले निर्णय त्याच्यापर्यंत पोचतात, हा मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या 1979 च्या मांडणीतला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा भाग. हे बोलल्यावर वडिलांचे खांदे जरा सैल झाले.

उपाय साधा ठरला. पैशांचं बोलणं ठरलेल्या वेळीच करायचं. मुलगा मध्ये पडला तर, “हे आमचं दोघांचं आहे, आम्ही बघू,” एवढंच म्हणायचं. सुरुवातीला त्याचा राग वाढला. तसं होईल याची कल्पना दिलेली होती. पुढे आदळआपट कमी झाली.

मग आईचा फोन आला: हल्ली धाकटीचं पोट वारंवार दुखतं. आधी डॉक्टरांना दाखवा, म्हटलं, आणि पुढच्या वेळी चौघंही या.