अंगावर लाल तीळ वाढत असतील तर काळजी कधी करावी?

तुमचा प्रश्न असा: वय ४२, दोन-तीन वर्षांत छातीवर आणि पोटावर मोहरीएवढे लालभडक ठिपके वाढलेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. घरचे म्हणतात उष्णता, कुणी यकृत तपासायला सांगितलं आणि तुम्हाला कॅन्सरची धास्ती बसली आहे.

वर्णनावरून हे बहुधा चेरी अँजिओमा आहेत. नेहमीचा काळा तीळ रंगद्रव्याच्या पेशींचा असतो. हे मात्र त्वचेच्या वरच्या भागात फुगलेल्या केशवाहिन्यांचे पुंजके. तिशीनंतर दिसू लागतात, वयाबरोबर वाढतात आणि बहुतेक १ ते ५ मिमीच राहतात. उष्णतेशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे 'रक्तशुद्धी'च्या काढ्यांनी ते जाणार नाहीत. एकोणिसाव्या शतकात कॅम्पबेल डी मॉर्गन या इंग्रज शल्यविशारदाने त्यांचा कॅन्सरशी संबंध जोडला होता. तो पुढे टिकला नाही, भीती मात्र टिकून आहे.

तरी प्रत्येक लाल ठिपका चेरी अँजिओमा नसतो. पारदर्शक काचेचा पेला घ्या, सपाट बूड ठिपक्यावर दाबा आणि आरपार बघा. चेरी अँजिओमा थोडा फिका पडतो, कधी अजिबात पडत नाही. बोट फिरवलं तर बहुधा किंचित उंचवटा लागतो. दाबल्यावर पूर्ण नाहीसा झाला आणि सोडताच मधल्या टिंबापासून बाहेरच्या बारीक रेषांत रक्त भरत गेलं, तर तो स्पायडर अँजिओमा. यकृताचा प्रश्न येतो तो याच्याबाबत. एखाद-दुसरा निरोगी माणसातही असतो, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतो. पण चेहरा, मान, छातीवर असे बरेच नव्याने उमटले असतील, तळहात लाल दिसत असतील, डोळे पिवळे किंवा पाय सुजलेले असतील, तर लिव्हर फंक्शन टेस्ट आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तुमच्या ठिपक्यांतून अशा बारीक रेषा निघत नसतील, तर निव्वळ त्यांच्यासाठी यकृताच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका.

तिसरा प्रकार अगदी सपाट, टाचणीच्या टोकाएवढा, काचेखाली जराही फिका न पडणारा. असे ठिपके एक-दोन दिवसांत पायांवर किंवा अंगभर उठले, तर ते त्वचेखालचे रक्तस्राव असतात. सोबत ताप असेल, विशेषतः आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करा. तोवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

आता खरी काळजीची गोष्ट. मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर काळाच असतो असं नाही. काही मेलॅनोमांना रंगद्रव्यच नसतं आणि ते गुलाबी-लाल दिसतात. तिथे रंगावर विसंबू नका, वागणूक बघा: उंचावलेला, हाताला टणक आणि आठवड्यागणिक वाढणारा. महिनाभर असं चाललं की त्वचारोगतज्ज्ञांकडे जाच. भारतीयांत मेलॅनोमा कमी आढळतो, पण झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. म्हणूनच तळपायावरची लालसर, चिघळणारी गाठ 'कुरूप असेल' म्हणून पट्ट्या लावत बसणं मला सर्वात घातक वाटतं. चेहऱ्यावर मोत्यासारखी चकाकी असलेली पुटकुळी, जिची खपली पडते आणि पुन्हा रक्त येतं, तीही दाखवायलाच हवी. दोन-तीन आठवड्यांत भराभर वाढून जरा धक्का लागताच भळभळणारी लाल गाठ बऱ्याचदा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा निघते. ती कॅन्सर नसते, पण काढून तपासावी लागते.

वाढ होतेय की नाही हे आठवणीवर सोडू नका. दिवसाच्या उजेडात, शेजारी मिमीची पट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांनी तसाच पुन्हा. जुना लाल ठिपका एकाएकी काळा पडला तर आत रक्त गोठलेलं असू शकतं, पण डोळ्यांनी ते मेलॅनोमापासून वेगळं करता येत नाही. दाखवून घ्या.

चेरी अँजिओमा काढायची वैद्यकीय गरज नसते. दिसायला नको असेल तर कॉटरी (विजेच्या उष्णतेने जाळणं), रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा लेझरने जातो; आधी बधिर करणारं मलम साधारण तासभर लावून ठेवतात. आपल्या सावळ्या त्वचेवर त्या जागी काही महिने डाग राहू शकतो, म्हणून मोठ्या समारंभाच्या तोंडावर करू नका. जाळण्याआधी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, बघायला सांगा. शंका असेल तर तीळ जाळायचा नाही, कापून बायोप्सीला पाठवायचा. जाळल्यावर तपासायला काही उरत नाही. त्यामुळे पार्लरमध्ये तीळ काढणं, चुना लावणं, दोरा बांधणं साफ टाळा.

खरवडला जाऊन रक्त आलं तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि वारंवार येत असेल, तर दवाखान्यात जा.