इको रिपोर्टमध्ये 'पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी' आलंय, डॉक्टर म्हणतात काही नाही. मग लिहिलं कशाला?

तुम्ही लिहिलंय की पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात 'डायलेटेड कोरोनरी सायनस, पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी' आलं, बाकी सगळं नॉर्मल. मी भूलतज्ज्ञ आहे, बरंचसं काम हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चालतं. तुमचे डॉक्टर बरोबरच बोलले, फक्त अर्धं बोलले. लेफ्ट एसव्हीसी म्हणजे डावीकडची एक जादाची शीर, तिचा सहसा हृदयाला त्रास नसतो. पण उद्या कोणी तुमच्या मानेतून किंवा छातीतून नळी घालायला बसलं, तर त्याला ही माहिती हवीच.

डोकं, मान आणि हातांकडचं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आणून सोडणारी मोठी शीर म्हणजे एसव्हीसी. गर्भात सुरुवातीला अशा शिरा दोन्ही बाजूंना असतात. पुढे डावीकडचं रक्त एका आडव्या शिरेतून उजवीकडे वळतं आणि डावी शीर आटून जाते. हजारात साधारण ३ ते ५ जणांत ती आटत नाही, तीच ही 'पर्सिस्टंट लेफ्ट एसव्हीसी'. जन्मतः हृदयदोष असलेल्यांत हे प्रमाण बरंच जास्त, म्हणून ही शीर दिसली की इको करणारा बाकीचं हृदयही बारकाईनं बघतो. तुमचं ते नॉर्मल आहे, म्हणजे मोठी चिंता तिथेच मिटली.

बहुतेकांत उजवी एसव्हीसी जागेवर असतेच, डावी ही जादाची. ती कोरोनरी सायनसमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूंचं रक्त गोळा करणाऱ्या मागच्या शिरेत उघडते आणि तिथून रक्त उजव्या कप्प्यातच येतं. मुक्काम तोच, वाट वेगळी, म्हणून लक्षणं काहीच नाहीत. फक्त जास्तीच्या रक्तानं सायनस फुगतो आणि इकोत आधी तोच नजरेत भरतो.

मात्र थोड्या लोकांत ही शीर डाव्या वरच्या कप्प्यात रक्त सोडते, आणि ते प्रकरण वेगळं. अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळतं. ऑक्सिजन थोडाच कमी दिसेल, कधी जवळपास नॉर्मलही. पण डाव्या हाताच्या सलाईनमधून गेलेला हवेचा बुडबुडा किंवा छोटी गुठळी फुप्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकते. त्यातून पक्षाघात किंवा मेंदूत पू होण्याची भीती असते. तेव्हा 'काही नाही' म्हणण्याआधी ही शीर नेमकी कुठे उघडते हे रिपोर्टमध्ये आहे का, तेवढं बघा.

नसेल तर बबल टेस्ट करून घ्या. डाव्या हाताला सुई लावून दोन सिरिंजमध्ये सलाईन आणि चिमूटभर हवा इकडून तिकडे घुसळतात. फेसाळ झालं की झटकन सोडतात आणि नजर स्क्रीनवर. आधी कोरोनरी सायनस चमकला आणि मग उजवा कप्पा भरला, तर ठीक. डाव्या कप्प्यात आधी बुडबुडे आले, तर पुढचा तपास हवा. मग हेच उजव्या हातातून करतात. तेव्हाही सायनसच आधी चमकला, तर उजवी एसव्हीसी नाहीच असं समजायचं. हे क्वचित आढळतं, पण कळलेलं बरं.

आता माझ्या बाजूनं सांगतो. मानेच्या डावीकडून सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) घातली की एक्स-रेत नळी मध्यरेषा ओलांडून उजवीकडे गेलेली दिसायला हवी. अशा माणसात ती डावीकडूनच सरळ खाली उतरलेली दिसते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो: धमनीत तर गेली नाही? मग नळीतला दाब मोजायचा, रक्ताचा गॅस रिपोर्ट (रक्तात ऑक्सिजन किती ते) करायचा, तेव्हा कळतं की शीरच आहे, पण डावी. नळी घालताना वापरायची तार सायनसमध्ये टोचत राहिली तर ठोके बिघडू शकतात, क्वचित इजाही होते. पेसमेकर सहसा डावीकडून बसवतात. तिथून वायर सायनसमार्गे उजव्या वरच्या कप्प्यात येते खरी, पण खालच्या कप्प्यात उतरायला तिला अवघड वळसा घ्यावा लागतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर उजवी बाजू निवडतात. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये तर याची फारच गरज. हृदय थांबवणारं औषध कधी कधी सायनसमधून उलटं सोडतात. डावी शीर उघडी असेल तर ते वरच निसटतं आणि स्नायूंना पुरेसं पोचत नाही.

नेटवर तुम्ही 'एसव्हीसी सिंड्रोम' वाचून घाबरलात, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्यात चांगली असलेली एसव्हीसी नंतर दाबली जाते किंवा गुठळीनं तुंबते. बहुतेक वेळा कारण फुप्फुसाचा कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), आणि हल्ली पेसमेकरच्या वायर्स व डायलिसिसच्या नळ्याही. चेहरा सुजतो, वाकलं की डोकं जड होतं, छातीवर शिरा फुगतात. असं काही झालं तर लगेच दाखवा, पण ते तुमच्या रिपोर्टमध्ये नाही.

पित्ताशयाच्या ऑपरेशनला सहसा सेंट्रल लाइन लागत नाही, हाताची साधी सुई पुरते. शीर सायनसमध्येच उघडत असेल तर भुलेत काही बदलावं लागत नाही. तपासणीला जाताना इकोची प्रत भूलतज्ज्ञांच्या हातात द्या, नुसतं तोंडी सांगू नका. आणि एक प्रत फाइलमध्ये कायमची ठेवा.