भाच्याला ए.एल.एल. (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) झालाय, परळला टाटामध्ये उपचार सुरू होतायत. आम्ही डोंबिवलीत राहतो, नातेवाईक म्हणून काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की भाचा चार वर्षांचा आहे, निदान ए.एल.एल.चं आहे आणि बहीण-दाजी पंढरपूरहून येऊन तुमच्याकडे राहणार आहेत. आठ वर्षांची भाची गावी आजी-आजोबांजवळ असेल. मी मुलांच्या कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, त्या अनुभवावरून लिहिते. कोणतं औषध, किती, कधी हे डॉक्टर ठरवतील. घरच्यांच्या हातात जे असतं त्यात दोन गोष्टी सगळ्यांत मोठ्या. ताप आला की तासाभरात हॉस्पिटल गाठायचं, आणि दोन-अडीच वर्षांचा उपचार एकही तारीख न चुकवता पुरा करायचा. राहणं, पैसा, जेवणखाण, माणसांच्या पाळ्या, सगळं या दोन गोष्टींच्या सोयीनं लावा.

म्हणून पहिला सल्ला तुम्हाला कदाचित आवडणार नाही. जोरकस केमोचे पहिले सहा-आठ महिने त्यांनी डोंबिवलीत राहू नये. तुमची माया खरी आहे, पण रात्री रस्ता मोकळा असला तरी परळला पोचायला तास जातो आणि दिवसा त्याचे दोन होतात. जुलै-ऑगस्टमध्ये हिंदमाताला पाणी भरलं, लोकल बंद पडली की तेही नाही. गणपतीचे दहा दिवस परळ-लालबागच्या रस्त्यांवर गाडी सरकत नाही. नाव नोंदवल्याच्या पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला भेटा आणि राहण्याचं विचारा. बाहेरगावच्या मुलांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची मोफत सोय परळ, कॉटन ग्रीन आणि खारघरला आहे, पण तिथे थेट जाऊन खोली मिळत नाही, हॉस्पिटलचीच शिफारस लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हेही जुने, भरवशाचे पर्याय आहेत. आणि भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरण्याआधी एक विचारून घ्या: पुढचा उपचार परळलाच होणार की खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या केंद्राला? काही मुलांना तिकडे पाठवतात, मग परळची खोली वाया जाते.

काही कारणानं डोंबिवलीतच राहायची वेळ आली, तर डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि घराजवळचं मुलांचं आयसीयू असलेलं एक हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवा. तिथे अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन मग परळला पाठवतील असं त्यांच्याशी बोलून ठेवायचं. ही बोलणी ताप आल्यावर होत नाहीत.

आता ताप. घरात दोन डिजिटल थर्मामीटर ठेवा. ताप काखेत मोजायचा, गुदद्वारातून कधीही नाही, कारण तिथे बारीकशी इजा झाली तरी जंतू रक्तात शिरतात. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं की युनिटला, म्हणजे हॉस्पिटलच्या ज्या विभागात त्याचा उपचार चालू आहे तिथे, फोन करायचा आणि निघायचं. युनिटनं वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. आधी पॅरासिटामॉल पाजून ‘उतरतो का बघू’ असं करू नका. ताप उतरलेला दिसतो आणि जंतू वाढतच राहतात. आयब्युप्रोफेन असलेली सिरपं आणि अ‍ॅस्पिरिन तर घरातच नकोत, प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव वाढतो. आणखी एक: स्टिरॉइड चालू असताना जंतुसंसर्ग होऊनही ताप चढत नाही असं होतं. मूल मलूल पडलं, हातपाय गार पडले, पोट धरून रडायला लागलं किंवा लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे औषधी पाण्यानं धुतल्यावर, हुडहुडी भरली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, निघायचं.

तापाची बॅग दाराशी भरलेली असू द्या. फाइलच्या झेरॉक्स, शेवटचा सीबीसी (रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा रिपोर्ट), चालू औषधांची यादी, मुलाचे कपडे, पाण्याची बाटली, चार्जर, थोडी रोख. दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर दाजींच्या फोनमध्येही हवेत आणि बहिणीच्याही. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं: “मुलाची केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली, आत्ता इतका ताप आहे.” नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलं तर रांगेत बसवतील.

सीबीसीच्या रिपोर्टमधला एक आकडा घरी काढता आला पाहिजे, तो म्हणजे एएनसी, जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के. पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील तर एएनसी ३६०. हा ५०० च्या खाली असेल तेव्हा गर्दी, पाहुणे, बाहेरचं खाणं सगळं बंद.

पहिला महिना, म्हणजे इंडक्शन, घरच्यांना सगळ्यांत जड जातो. त्यात स्टिरॉइड असतं. मूल रात्री दोनला उठून वडापाव मागतं, चेहरा सुजतो, चिडतं, आईला मारतं. ते औषधामुळे आहे हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘लाडावून ठेवलाय’ असं बहिणीला कुणी ऐकवणार नाही. मीठ-साखर कमी ठेवा आणि भूक भागेल असं ताजं, पटकन करता येणारं हाताशी असू द्या: गरम इडली, घट्ट वरणभात, पूर्ण उकडलेलं अंडं, उपमा. खूप तहान आणि सारखी लघवी दिसली तर साखर वाढलेली असू शकते, लगेच सांगा. स्टिरॉइड आपल्या मनानं कधीही थांबवायचं नाही.

आता केमोची काही औषधं. व्हिन्क्रिस्टिननं बद्धकोष्ठ होतं, जबडा दुखतो, पाय लुळे पडल्यासारखी चाल होते. दोन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना सांगा. एनिमा नाही, सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) नाही, आजीचं एरंडेलही नाही. अ‍ॅस्परॅजिनेज चालू असताना पोटात जोरात दुखून उलट्या झाल्या तर स्वादुपिंडाला सूज असू शकते, आणि डोकं फार दुखलं किंवा झटका आला तर मेंदूच्या शिरेत गुठळी. दोन्हींत थांबायचं नाही. डॉनोरुबिसिननंतर लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका, दिवस-दोन दिवसांत रंग जातो.

पाठीत इंजेक्शन असतं त्या दिवशी भूल देतात. त्याआधी सहा तास दूध-जेवण बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. कुणीतरी कळवळून बिस्किट देतं आणि त्या दिवशीचं इंजेक्शन रद्द होतं, कारण भुलेत उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. मुलाजवळ त्या सकाळी कोण बसणार हे आदल्या रात्री ठरवा आणि खाऊची पिशवी त्याच्या नजरेआड ठेवा.

हाताला पिक लाइन, म्हणजे हातातून मोठ्या शिरेत जाणारी नळी, लावली तर ड्रेसिंग कोरडं राहिलं पाहिजे. आंघोळीला प्लॅस्टिक गुंडाळून वर टेप लावायची. ड्रेसिंग भिजलं, सुटलं किंवा भोवती लाली दिसली तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता बदलून घ्या. त्या हातावर बीपीचा पट्टा बांधू द्यायचा नाही. केमोनंतरचे दोन दिवस लघवी, उलटी, डायपर हातमोजे घालून साफ करायचं, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं हे काम करायचंच नाही.

खाण्याबद्दल तुम्ही नातेवाईक खूप काही करू शकता, फक्त ते ताजं, गरम आणि दोन तासांत संपणारं असावं. फळं साल काढता येणारी, केळं, मोसंबी, संत्रं. द्राक्षं, चटण्या, कोशिंबिरी, बर्फाचा गोळा, पाणीपुरी नको. पाणी उकळलेलंच. घरी पूजा झाली तर पंचामृत आणि तीर्थ त्याच्या तोंडात घालू नका, अंगाराही नको. कच्चं दूध, मध आणि साठवलेलं पाणी त्यात असतं. कपाळाला हात लावून आशीर्वाद द्या, तेवढा त्याला चालतो. गुळवेल, काढे, ‘प्रतिकारशक्तीच्या’ पुड्या ठामपणे बाहेर ठेवा. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय, आणि या मुलांचं यकृत आधीच केमोचं ओझं पेलत असतं. तोंड आलं तर मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं चूळ, आणि गार झालेला मऊ भात. वजन घटत राहिलं आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली तर विरोध करू नका. दिवसभर घास भरवण्यावरून होणारी मारामारी तिनं थांबते.

तुमच्या सोसायटीची खरी मदत रक्ताची. दहा-बारा जणांची यादी करा: नाव, रक्तगट, वजन, फोन. त्यातले प्लेटलेट द्यायला तयार असलेले वेगळे लिहा. एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीननं फक्त प्लेटलेट काढून घेण्यासाठी, तास-दीड तास मशीनवर बसावं लागतं, हाताची शीर चांगली हवी आणि आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. हौसेनं सगळ्यांनी एकाच दिवशी जाऊ नका. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, आणि गरज साधारणपणे पुन्हापुन्हा पडते. आई-वडील आणि सख्ख्या भावंडांनी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारावं. पुढे बोनमॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर त्यांचंच आधी दिलेलं रक्त अडचण करू शकतं.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते, मागचा खर्च परत मिळत नाही. म्हणून रेशनकार्ड, मुलाचं आधार आणि जन्मदाखला घेऊन पहिल्याच आठवड्यात हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाकडे, आरोग्यमित्राकडे, जा. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटल सही करून देतं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं, कागद जवळ ठेवा आणि गर्दीची वेळ टाळा. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

मुलाशी खोटं बोलू नका. ‘टोचणार नाहीत’ म्हणून नेलं आणि टोचलं, की पुढची दोन वर्षं तो दारातच रडायला लागतो. “टोचतील, थोडं दुखेल, आई हात धरून बसेल” एवढं चार वर्षांच्या मुलाला कळतं. सुन्न करणारं मलम तासभर आधी लावता येतं, ते मागून घ्या. तो काही चुकला म्हणून हा आजार झालेला नाही, हेही त्याला सांगा, कारण या वयाची मुलं तसंच समजतात. भाचीलाही खरं सांगा, आणि रोज ठरलेल्या वेळी तिचा आणि आईचा व्हिडिओ कॉल होईल ही जबाबदारी तुम्ही मामा म्हणून घ्या. आईला मुलाजवळून उठता येत नाही, तेव्हा हे कॉल सगळ्यांत आधी बुडतात.

तुमच्या घरी पाच वर्षांखालचं मूल असेल तर पल्स पोलिओच्या दिवशी तोंडावाटे डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. तो विषाणू जिवंत असतो, अशा घरांत पोलिओचं इंजेक्शन देतात. भाच्याला कोणतीही लस परस्पर नको. कांजिण्या किंवा गोवर झालेल्या मुलाशी त्याचा संपर्क आला तर पुरळ दिसायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा, बचावाचं औषध पहिल्या तीन-चार दिवसांतच नीट लागू पडतं. तो राहायला येण्याआधी खिडकीच्या सज्जावरची कबुतरांची घाण ओली करून काढून घ्या, कोरडी झाडू नका. रंगकाम, फोडाफोडी असेल तर लांबणीवर टाका.

मग येतो मेंटेनन्स, दीड-दोन वर्षं गोळ्यांचा. केस आलेले असतात, मूल खेळत असतं, गाडीभाड्याचे पैसे संपलेले असतात, आणि इथेच उपचार सुटतात. लपलेल्या पेशी मारायच्या असतात म्हणून या गोळ्या आहेत. सुटल्या तर आजार परत येतो, आणि परत आलेला आजार बरा करणं पुष्कळ अवघड असतं. ‘आता बरा दिसतोय’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे तुम्हीच समजावा, बहिणीवर सोडू नका.

गोळ्यांत सगळ्यांत धोक्याची चूक अशी होते: मर्कॅप्टोप्युरिन रोज असतं आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज दिलं गेलं तर तोंड, आतडी, अस्थिमज्जा सगळ्यांवर येतं, जीवही जाऊ शकतो. भिंतीवर कॅलेंडर लावा. समजा, मर्कॅप्टोप्युरिनची ५० मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस एक आणि दोन दिवस अर्धी असेल, तर प्रत्येक चौकटीत ‘१’ किंवा ‘½’ आधीच लिहून ठेवा. मेथोट्रेक्सेटचा वार लाल पेनानं गोल करा आणि ‘२.५ च्या ५’ (२.५ मिलिग्रॅमच्या पाच गोळ्या) अशी संख्या लिहा. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे कागदावरून घ्या. गोळी दिली की फुली. मेथोट्रेक्सेटची बाटली वेगळ्या डब्यात, एकाच माणसाकडे. उलटी झाली तर पुन्हा द्यायची का ते फोन करून विचारा, चुकलेला डोस दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. सेप्ट्रान हे अँटिबायोटिकही ठरलेल्या वारी चालूच ठेवायचं, ते न्यूमोनिया टाळण्यासाठी आहे. पेशी फार उतरल्या म्हणून डॉक्टर आठवडाभर गोळ्या थांबवतात, त्यात काही बिघडलेलं नसतं.

या टप्प्यात ते पंढरपूरला परत जाऊ शकतील. निघण्याआधी डॉक्टरांकडून पत्र घ्या: चालू डोस, सीबीसी किती दिवसांनी, ताप आला तर कोणतं अँटिबायोटिक. ते पत्र घेऊन सोलापुरातल्या एका मुलांच्या डॉक्टरांना आधीच भेटून या. रिपोर्टचा फोटो युनिटला कुणी पाठवायचा हेही ठरवा, ते काम तुम्ही डोंबिवलीतून करू शकता. मर्कॅप्टोप्युरिन गावाकडच्या मेडिकलमध्ये बहुधा मिळत नाही, म्हणून पुढच्या तारखेला पुरून दहा दिवस उरेल एवढं परळहूनच न्या आणि पाकिटावरची एक्सपायरी काउंटरवरच बघून घ्या.