रेकलेस म्हणजे नुसतं निष्काळजी नव्हे

तुम्ही विचारलंय, मुलगा रोज शाळेत डबा विसरून येतो, तर त्याला इंग्रजीत ‘रेकलेस’ म्हणता येईल का? नाही, तो ‘केअरलेस’. तोच मुलगा उद्या भरून वाहणाऱ्या ओढ्यात "बघू काय होतंय ते" म्हणत सायकल घालेल, तेव्हा तो रेकलेस. डबा विसरताना त्याचं लक्षच नसतं. ओढ्यात शिरताना पाणी डोळ्यांसमोर असतं. धोका दिसतोय आणि त्याची फिकीर नाही, हा या शब्दाचा गाभा.

शब्दाची घडणही तेच सांगते. ‘रेक’ हे पर्वा करणे या अर्थाचं जुनं इंग्रजी क्रियापद. ते आता बोलण्यातून गेलं, ‘रेकलेस’ मात्र टिकला. आपला ‘बेपर्वा’ अगदी असाच बनलाय, ‘बेदरकार’ही, दरकार म्हणजे पर्वाच की. भाषांतर करताना मी आधी ‘बेदरकार’ घालून बघते आणि बहुतेक वेळा तोच बसतो. ‘उतावळा’ मात्र नको. उतावळ्याला घाई असते, त्यासाठी इंग्रजीत ‘इंपेच्युअस’ आहे. रेकलेस माणूस अगदी सावकाश, थंड डोक्यानंही जीव धोक्यात घालू शकतो.

इंग्लंडमधला 1957 चा कनिंगहॅम खटला या शब्दासाठी मला फार मोलाचा वाटतो. एकानं पैशांसाठी रिकाम्या घराच्या तळघरातला गॅसचा मीटर भिंतीवरून उपटला. गॅस झिरपत शेजारच्या घरात गेला आणि तिथल्या बाईंच्या जिवावर बेतलं. अपील न्यायालयानं धरलेली कसोटी अशी: असं काही होऊ शकतं हे आरोपीच्या मनात आलं होतं का, आणि तरीही तो पुढे गेला का? ज्यूरीला हे नीट समजावलं नव्हतं, म्हणून शिक्षा रद्द झाली.

आपल्याकडे अपघाताच्या फिर्यादीत "भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने" असं असतं. ते कायद्यातल्या ‘रॅश ऑर नेग्लिजंट’वरून आलंय: जुनं भादंवि कलम 279, आता न्याय संहितेचं 281. अविचार म्हणजे ‘रॅश’, हयगय म्हणजे ‘नेग्लिजंट’. ‘रॅश’ हा ‘रेकलेस’च्या जवळचा, ‘नेग्लिजंट’ डबा विसरणाऱ्याच्या जवळचा.

वापर सोपा आहे. माणसालाही लावा, कृतीलाही: रेकलेस ड्रायव्हर, रेकलेस ड्रायव्हिंग, उधळपट्टीसाठी रेकलेस स्पेंडिंग. उच्चार शेवटी ‘लिस’कडे झुकतो. आणि स्पेलिंग ‘आर’नं सुरू करा. त्याच्या आधी ‘डब्ल्यू’ लावला की तो मोडतोडीचा ‘रेक’ होतो आणि ‘मोडतोड न करणारा’ असा भलताच अर्थ निघतो.