एच.एफ. कालवडीला दूध किती पाजावं आणि कधी तोडावं?

तुम्ही लिहिलंय की गोठ्यात तीन एच.एफ. (होल्स्टीन फ्रिझियन) गाई आहेत, त्यातली एक पंधरवड्यात व्यायची आहे, आणि शेजारी सांगतात, "दीड महिन्यात दूध तोड, नाहीतर डेअरीला काय घालणार?"

आमचा गोठा सांगली जिल्ह्यात, आठ गाईंचा. दीड महिना झाला म्हणून दूध तोडू नका. कालवड खुराक किती खाते, ते बघून तोडा. पण त्याआधी चिकाचं, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधाचं बघू, कारण तिथं चुकलं तर तोडायला कालवडच उरत नाही.

आमच्याकडं जुनी समजूत होती की वार (जार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही. पहिली एच.एफ. रात्री अकराला व्याली, वार पडली सकाळी सातला. तोवर वासरू उपाशी. पाचव्या दिवशी हगवण लागली, सातव्या दिवशी ते गेलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं: माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची ताकद आईच्या पोटातच मिळते, वासराला ती चिकातूनच मिळते. आणि त्याचं आतडं ती ताकद पहिल्या काही तासांतच नीट शोषतं. सहा तासांनंतर हे शोषण घटत जातं, दिवस उलटला की जवळपास बंद. म्हणून वारेची वाट बघू नका. ३५ किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन लिटर, मग सहा-आठ तासांत आणखी दीड-दोन लिटर चीक पाजा. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा, नुसती हळद लावून भागवू नका.

आता दूध. वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे तीन-साडेतीन लिटर, हे आपल्याकडचं ठरलेलं माप. त्यावर वासरू जगतं, फारसं वाढत मात्र नाही. आईबरोबर मोकळं सोडलेलं वासरू याच्या दुपटीहून जास्त पितं. मी पहिल्या आठवड्यात चार लिटर आणि दुसऱ्यापासून सहा लिटर देतो, शक्य असेल तर तीन वेळा, कोमट करून. दर ३० रुपये धरला तर रोजचे जादा दोन-अडीच लिटर दोन महिन्यांत साडेचार हजारांपर्यंत जातात. डेअरीच्या बिलात ते टोचतात, खोटं कशाला बोलू! पण कालवड माजावर येते ती वयापेक्षा वजनावर. लहानपणी खुरटलेली कालवड सहा महिने उशिरा व्याली, तर तेवढे दिवस ती फुकट सांभाळावी लागते. चाऱ्या-खुराकाचे रोजचे शंभर धरले तरी १८ हजार झाले.

बादलीत तोंड घालून पाजण्यापेक्षा निपलची बाटली बरी. मान वर करून चोखलं की दूध कोटीपोटाला (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्याला) वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. फक्त निपलचं भोक ब्लेडनं मोठं करू नका. वेळ वाचवायला मी एकदा केलं होतं. दूध श्वासनळीत गेलं आणि वासराला न्यूमोनिया झाला.

दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं म्हणूनच पाणी वेगळं ठेवावं लागतं. "दूध पितंय की, पाणी कशाला?" हे मी कितीदा ऐकलंय. कोटीपोटातल्या जिवाणूंना पाणी लागतं, ते दुधातून तिथं पोचत नाही. चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाणी आणि मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा धान्याचा खुराक) समोर असू द्या. दूध संपल्यावर तोंड चोखत असतं, तेव्हाच चिमूटभर खुराक ओठांना लावला की चव कळते. धान्य आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांनीच कोटीपोटाचं अस्तर वाढतं. नुसत्या हिरव्या वैरणीवर पोट सुटतं, आतला कप्पा मात्र तयार होत नाही. गावात अशी ढेरपोटी वासरं बघून लोक "काय छान पोसलंय" म्हणतात!

सातव्या आठवड्यापासून आधी संध्याकाळचं दूध निम्मं करा, मग बंद. दहा-पंधरा दिवस लागू द्या. सलग तीन दिवस रोज किलोभर स्टार्टर खाल्लं की सकाळचंही तोडा. आमच्याकडं हे बहुधा नवव्या-दहाव्या आठवड्यात होतं. त्याच आठवड्यात जागा बदलणं, शिंगकळ्या जाळणं, लस असं काही काढू नका.

मध्येच हगवण लागली तर दूध बंद करायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. दूध चालू ठेवा, दोन पाजण्यांच्या मध्ये क्षार-साखरेचं पाणी वेगळं द्या. डोळे खोल गेले, कान गार पडले किंवा वासरू उठेना, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. आणि दगडी (कासेचा आजार) झालेल्या गाईचं किंवा औषध चालू असलेल्या गाईचं दूध वासराला ढकलू नका.

म्हैस असेल तर रेडकांना जंतांचं औषध फार लवकर, दहा-पंधरा दिवसांचं असतानाच लागतं, कारण तो जंत आईच्या दुधातूनच येतो. मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या.

गोऱ्हा (नर वासरू) झाला तर? तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीच विचारत नाही. चीक त्यालाही तेवढाच आणि त्याच वेळेत पाजा.

गाय रात्री-अपरात्रीही व्यायची शक्यता असते, त्यामुळं बाटली, निपल आणि आयोडीन आजच आणून गोठ्यात टांगून ठेवा.