थेंबांचं औषध असताना सुई कशाला?

प्रश्न: डॉक्टर, माझ्या बहिणीचं बाळ सातव्या महिन्यातच झालं, ३१ आठवडे, वजन १३५० ग्रॅम. पोट फुगलं, नळीतून हिरवं आलं म्हणून दूध बंद केलंय आणि अँटिबायोटिक सगळं सलाईनमधून चालूय. एवढ्याशा हाताला सारखी सुई, बघवत नाही हो. माझ्या मोठ्याला थेंबांनीच बरं वाटलेलं, मग याला तोंडातून का नाही देत? (एक मावशी, लालबाग)

उत्तर: मावशी, तुमचा मोठा तेव्हा पूर्ण दिवसांचा असणार, आतडं धडधाकट. इथे भीती नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसची आहे, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सगळे एनईसी म्हणतात, त्यात आतड्याचं अस्तरच सुजतं आणि मरायला लागतं. अशा पोटात थेंब टाकले तर रक्तात किती पोचेल याचा काही नेम नाही. नवजात बाळाच्या पोटात आम्ल कमी म्हणून पेनिसिलिन मोठ्यांपेक्षा जास्तच शोषलं जातं, पण पोट रिकामं व्हायला वेळ लागतो आणि एनईसीत तर आतडं जवळजवळ थांबलेलंच असतं.

जेंटामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची गंमत उलटी (गंमत कसली म्हणा). चांगल्या आतड्यातून ते रक्तात जवळपास जातच नाही, आतल्या आत जंतू मारून शीतून बाहेर पडतं. म्हणूनच १९७०-८० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांना एनईसी होऊच नये म्हणून तोंडातून देऊन बघितलेलं, काही ट्रायल्समध्ये आजार कमी दिसलाही, पण औषधाला न जुमानणारे जंतू वाढतील म्हणून ते रुटीन झालं नाही. आणि अस्तर झिजलं की तेच औषध रक्तात पाझरतं, शिरेतून चालू असलेल्या डोसवर हे वरून पडलं तर किडनीला आणि कानाला धोका. शिरेतून दिलं की निदान किती गेलं ते माहीत असतं, लागलं तर रक्तातली लेव्हलही बघता येते.

सिस्टर टेपने पोटाचा घेर मोजतात ना, तो आकडा रोज विचारा. शीमध्ये रक्त दिसलं का तेही विचारा. घरून कुठलेही थेंब नेऊ नका, ग्राइप वॉटर तर नाहीच. डिस्चार्जच्या वेळी कानांची टेस्ट मागून घ्या.

आणि बहिणीला सांगा, बाळाचं बंद असलं तरी दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा, पुन्हा सुरू करताना आईचंच सगळ्यात चांगलं. कमी पडलं तर मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध विचारा, सायन हॉस्पिटलला अशी बँक १९८९ पासून आहे.